भूसंपादन: उशीर कुठे नडतो, कुठे नाही

प्रश्न: धरणासाठी 2006 साली आमची जमीन गेली. निवाडा (मोबदला ठरवणारा सरकारी आदेश) झाला, पंचनामा करून ताबाही घेतला. पैसे आम्ही आजपर्यंत उचललेले नाहीत. मग संपादन रद्द होईल ना?

नाही. हे ऐकायला कडू आहे, पण या आशेवर आणखी वर्षं घालवू नका. 1 जानेवारी 2014 पासून लागू झालेल्या 2013 च्या भूसंपादन कायद्यातल्या कलम 24(2) मुळे, म्हणजे काही जुनी संपादनं रद्द ठरवणाऱ्या तरतुदीमुळे, अनेकांना ही आशा लागली. पुणे महापालिकेच्या खटल्यात 2014 सालीच सर्वोच्च न्यायालयानं शेतकऱ्यांना अनुकूल अर्थ लावला होता. 6 मार्च 2020 रोजी इंदूर विकास प्राधिकरणाच्या खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं तो फिरवला. ताबाही घेतला नाही आणि मोबदलाही दिला नाही, असं दोन्ही असेल तरच संपादन रद्द होतं. तुमचा ताबा पंचनाम्यानं गेलेला आहे. शेतात पीक अजून तुम्हीच काढत असलात तरी फरक पडत नाही. कोषागारातली रक्कम उचलण्यासाठी मात्र लगेच अर्ज द्या.

प्रश्न: प्राथमिक अधिसूचना नुकतीच निघाली आहे. निवाड्याची वाट पाहू का?

मुळीच नाही. संपादनालाच विरोध असेल तर 60 दिवसांत लेखी हरकत द्या, सुनावणी मागा आणि पोच घ्या. राष्ट्रीय महामार्गासाठी ही मुदत 21 दिवसांचीच आहे. निवाडा होऊन ताबा गेल्यावर आलेली रिट याचिका कोर्ट सहसा उशिराच्या मुद्द्यावरच फेटाळतं.

प्रश्न: 2013 च्या कायद्याखाली निवाडा झाला. मी हजर नव्हतो. मोबदला फार कमी वाटतो.

कलम 64 खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे संदर्भ अर्ज, म्हणजे मोबदल्याचा वाद निर्णयासाठी प्राधिकरणाकडे पाठवण्याचा अर्ज, करा. नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यातलं जे आधी संपेल ती तुमची मुदत. सबळ कारण दाखवलं तर पुढच्या एका वर्षातही अर्ज घेता येतो. म्हणून नोटिशीचा लिफाफा फेकू नका. त्यावरच्या टपाल शिक्क्याची तारीख पुढे उपयोगी पडते. पैसे घेताना पावतीवर सहीच्या वर 'हरकत राखून' असं लिहाच. हे दोन शब्द लिहायचे राहिले तर वाढीव मोबदल्याचा अर्जच करता येत नाही. सहीसाठी कितीही घाई केली तरी थांबा, लिहा, मग सही करा.

प्रश्न: वडिलांच्या जमिनीतून पस्तीस वर्षांपूर्वी रस्ता काढला. नोटीस नाही, निवाडा नाही, पैसा नाही. आता फार उशीर झाला का?

इथे उशीर आड येईलच असं नाही. हिमाचलमध्ये 1967-68 साली रस्त्यासाठी अशीच जमीन घेतली होती. त्या वृद्ध, निरक्षर विधवेला सर्वोच्च न्यायालयानं 2020 साली मोबदला मिळवून दिला. कायदेशीर प्रक्रियेशिवाय कोणाची मालमत्ता काढून घेता येत नाही, हे घटनेचं कलम 300-अ सांगतं, आणि उशिराच्या सबबीनं सरकारला तिथे तारलं नाही. जुने सातबारे, फेरफार आणि मोजणी नकाशा काढा आणि उच्च न्यायालयात जा. कुणी तोंडी संमती दिल्याचं अधिकारी सांगतील. त्याचा कागद मागा.