पहिली बिअर, पहिला केग

घरी पहिल्यांदाच बिअर करताय आणि ती बाटल्यांऐवजी केगमध्ये, म्हणजे दाबाखाली बिअर साठवायच्या धातूच्या पिंपात, भरायचा विचार करताय, तो चांगलाच आहे, बाटल्या धुण्याचा व्याप वाचतो. पण बिअर बहुतेक वेळा केगमध्ये जाण्याआधीच बिघडते, म्हणून आधी तिकडे लक्ष द्या.

धुणं वेगळं आणि निर्जंतुक करणं वेगळं. उकळलेलं वर्ट (माल्टचं गोड पाणी, जे आंबून बिअर होते) थंड झालं, की त्याला लागणारी प्रत्येक वस्तू निर्जंतुक हवी. आंबवायच्या भांड्याची तोटी तर सुटी करून बघाच. बाहेरून लख्ख दिसते आणि आत आट्यांमध्ये चिकट थर बसलेला असतो. माझी एक अख्खी बॅच त्यापायी आंबट झाली, फार जीव हळहळला.

एलचं (उबेत आंबणाऱ्या बिअरच्या प्रकाराचं) यीस्ट साधारण 18 ते 20 अंशांना खूश असतं. आंबताना भांडं खोलीपेक्षा दोन-तीन अंश गरम होतं, तेव्हा खोली थोडी गारच ठेवा.

बुडबुडे थांबले म्हणून लगेच केगमध्ये भरू नका. हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजून साखर किती उरली ते सांगणारं तरंगतं मापक) दोन-तीन दिवस तोच आकडा दाखवू दे.

केगसाठी सुरुवातीला एवढंच:
- बिअरमध्ये फेस आणणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर उभा, हवा खेळती असेल तिथे ठेवा.
- जोडांना साबणाचं पाणी लावा. फुगे आले की गळती आहे. बारीक गळतीनेही सिलिंडर रात्रीत रिकामा होतो.
- केग 4 अंशांना ठेवून वायूचा दाब 10 ते 12 पीएसआय (दाबाचं एकक), आठवडाभर. घाईने दाब वाढवलात तर ग्लासात नुसता फेस येईल.

पाण्यातले क्षार, धान्याची दळण वगैरे तूर्त बाजूला ठेवा. एकच सोपी रेसिपी तीनदा करा आणि प्रत्येक वेळी वहीत नोंद ठेवा.