बंब : न्हाणीघरातला आणि आगीचा

एका वाचकाने विचारले आहे की, जुन्या मुंबईविषयी वाचताना त्यांना 'बंबखाना' हा शब्द अग्निशमन केंद्र या अर्थाने आढळला. त्यांच्या माहितीप्रमाणे मात्र बंब म्हणजे अंघोळीचे पाणी तापवण्याचे तांब्याचे उपकरण. ज्याच्या पोटात विस्तव पेटवायचा त्याचे नाव विस्तव विझवणाऱ्या गाडीला कसे मिळाले, आणि या शब्दाचे 'बॉम्ब'शी काही नाते आहे काय, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

बंब या शब्दाचा मूळ अर्थ पंप असा आहे. पोर्तुगीज भाषेत पाणी उपसण्याच्या किंवा फेकण्याच्या यंत्राला 'बोंबा' म्हणतात. जहाजाच्या तळाशी साचलेले पाणी बाहेर काढणाऱ्या पंपालाही हेच नाव होते. पोर्तुगाल आणि ब्राझीलमध्ये आग विझवणारा जवान आजही 'बोंबेइरु' असतो आणि मलेशियात तर अग्निशमन खातेच 'बोंबा' या नावाने ओळखले जाते. पोर्तुगीज 'पिपा'चे आपण जसे पिंप केले तसेच 'बोंबा'चे बंब केले, शेवटचा स्वर गाळून. बादली, घमेले आणि पिंप हेही त्याच भाषेतून आलेले शब्द मानले जातात, तेव्हा पाण्याशी संबंधित वस्तूंचा एक संचच आपण पोर्तुगिजांकडून घेतला असे म्हणायला हरकत नाही.

'बॉम्ब'विषयी थोडक्यात सांगतो. स्फोटक गोळ्यालाही पोर्तुगीजमध्ये 'बोंबा'च म्हणतात, त्यामुळे त्या भाषेत हे दोन अर्थ एकाच रूपात भेटतात. मराठीतला बॉम्ब मात्र इंग्रजीच्या वाटेने आला आणि आगीच्या बंबाशी त्याचे व्यवहारात काही देणेघेणे नाही. काही हिंदी कोशकार त्यांच्याकडील 'बंबा', म्हणजे पाण्याची कळ किंवा नळ, हा शब्द अरबी 'मंबा' म्हणजे झरा यावरून साधतात. उत्तर प्रदेशात कालव्याच्या लहान फाट्यालाही बंबा म्हणतात हे पाहता तिकडे ती व्युत्पत्ती विचारात घेण्याजोगी आहे. मराठी बंबाला आणि गुजराती 'लायबंबा'ला, ज्यातल्या 'लाय'चा अर्थच आग असा आहे, ती लावण्याचे मला तरी कारण दिसत नाही. दोन्हीकडे शब्द थेट आग विझवण्याच्या यंत्राला चिकटलेला आहे.

इंग्रजी 'फायर इंजिन'चीही गोष्ट अशीच आहे. त्यातल्या इंजिनाचा गाडी ओढण्याशी मुळात संबंध नव्हता. लंडनच्या रिचर्ड न्यूशॅमने १७२१ आणि १७२५ साली ज्या इंजिनांची पेटंटे घेतली ती हाताने चालवायची होती : चाकांवरची एक लांबट पेटी, तिच्यात दोन नळकांडी आणि दोन्ही अंगांना लांब दांडे. माणसांनी दोन्ही बाजूंना उभे राहून दांडे आळीपाळीने खाली दाबायचे आणि इतरांनी बादल्यांनी पेटी भरत राहायचे, अशी ती व्यवस्था होती. यातली खुबी हवेच्या कोठीत होती. दट्ट्यांनी ढकललेले पाणी या बंद कोठीत शिरले की वरची हवा दाबली जाई आणि दोन दाबांच्या मधल्या क्षणी तीच हवा पाण्याला रेटत राही. त्यामुळे धार तुटक न पडता सलग बाहेर पडे. हे यंत्र ओढत नेणे हा निव्वळ नाइलाज होता. थोडक्यात, इंग्रजांचे इंजिन आणि आपला बंब या दोन्ही नावांचा रोख पंपावर आहे. चाके, घोडे आणि मोटार ही त्या पंपाभोवती नंतर जमलेली मंडळी होत.

ब्रेथवेट आणि एरिक्सन यांनी १८२९ साली लंडनमध्ये वाफेवर चालणारा पहिला आगीचा बंब बांधला, आणि इथेच न्हाणीघरातल्या बंबाचा दुवा असावा असा माझा तर्क आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील वाफेच्या बंबाचे कोणतेही चित्र पाहावे : घोडागाडीच्या मागच्या भागावर उभा, गोल, घासून चकचकीत केलेला बॉयलर, त्याच्या तळाशी भट्टी, भोवती पाणी आणि डोक्यावर धुराडे. आता घरचा बंब आठवावा. खाली जाळी, मधोमध वर निघालेली नळी, नळीभोवती पाणी, खालच्या अंगाला तोटी. नळीतून बंबफोड लाकडे किंवा कोळसे टाकायचे. रचना जवळपास तीच आहे, फक्त वाफ कोंडायची नाही इतकाच फरक. न्हाणीतला बंब पाणी फेकत नाही, त्यामुळे पंप या अर्थाने त्याला ते नाव मिळणे शक्य नाही. रस्त्यावरून धूर सोडत धावणाऱ्या बंबाशी असलेल्या साम्यावरून ते मिळाले, असे मानले तर कोडे सुटते. गुजरातीतही 'बंबो' या शब्दाला नेमके हेच दोन अर्थ आहेत, ही गोष्ट या तर्काला बळ देते.

वाफेच्या बंबाने बंबखान्याचे रूपही बदलले. वाफ धरायला वेळ लागतो आणि आग थांबत नाही. म्हणून अमेरिकेतील शहरांत उभ्या बंबाच्या बॉयलरला केंद्रातल्या तापक यंत्राचे नळ जोडून पाणी सतत गरम ठेवत, आणि बंब बाहेर पडताना ती जोडणी सुटून येई. घोड्यांचा साज छताला टांगलेला असे आणि घोडे जागेवर येताच तो त्यांच्या पाठीवर सोडला जाई. वरच्या मजल्यावर झोपलेल्या जवानांनी जिन्याऐवजी खांबावरून घसरत उतरण्याची पद्धत १८७८ साली शिकागोत सुरू झाली. न्यूयॉर्कमध्ये घोड्यांचा बंब शेवटचा धावला तो १९२२ च्या डिसेंबरात, ब्रुकलिनमध्ये. त्या शहरात आजही पंपवाल्या तुकडीला 'इंजिन' आणि शिडीवाल्या तुकडीला 'लॅडर' म्हणतात. १९७० च्या दशकात साउथ ब्राँक्समध्ये इमारतींमागून इमारती जळत होत्या आणि इंटरव्हेल अव्हेन्यूवरच्या केंद्रातील जवानांना एका वर्दीहून, म्हणजे आगीच्या खबरेवरून, परतताच दुसरीवर निघावे लागे, तेव्हाही हा भेद काटेकोरपणे पाळला जाई : इंजिनवाले पाणी मारणार, लॅडरवाले दारे फोडून माणसे बाहेर काढणार.

मुंबईत आग विझवण्याचे काम आधी पोलिसांकडे होते, ते १८८७ साली नगरपालिकेकडे आले आणि १८८८ च्या कायद्याने तिचे कर्तव्य ठरले. दलाचे मुख्यालय भायखळ्याला आहे. बंबांच्या ताकदीची आणि तिच्या मर्यादेचीही सर्वांत कठोर कसोटी १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत लागली. 'फोर्ट स्टिकिन' या जहाजावर कापसाच्या गाठी आणि सुमारे १,४०० टन स्फोटके एकत्र भरलेली होती. बंबांनी जहाजात ९०० टनांहून अधिक पाणी ओतले, तरी ते आगीच्या मुळापर्यंत पोचले नाही; दुपारी चारनंतर पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या अंतराने दुसरा. दलाचे ६६ जवान त्यात गेले. देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात तो त्यांच्याच स्मरणार्थ.

आता राहिला आजच्या वापराचा मुद्दा. 'वर्दी मिळताच दहा बंब रवाना' असे वृत्तपत्रे सरसकट लिहितात, पण त्या दहांत पाण्याचे टँकर, शिडीची गाडी आणि रुग्णवाहिकाही मोजलेली असते. जिच्यावर पंप आहे आणि जी पाण्याचा मारा करते तीच गाडी बंब. टँकर तिला पाणी पुरवतो. म्हणून 'चार बंब, पाच टँकर आणि एक शिडीची गाडी' असे लिहिणे अधिक चोख होईल. बंब हा शब्द पुल्लिंगी असून अनेकवचनातही त्याचे रूप बदलत नाही : एक बंब आला, चार बंब आले. 'अग्निशमन' ही क्रिया आणि 'अग्निशामक' म्हणजे ती करणारा किंवा करणारे, तेव्हा केंद्र अग्निशमनाचे म्हणावे आणि भिंतीवर टांगलेले लाल नळकांडे अग्निशामक. 'बंबखाना' हा शब्द मात्र पूर्णपणे शुद्ध आणि नेमका आहे. आपण तो निःशंकपणे वापरावा.