बीएमएस ऑपरेटरने आधी काय शिकावं?

इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा, दोन वर्षं आयटी पार्कमध्ये शिफ्टला बीएमएस (इमारतीचा एसी वगैरे संगणकावरून सांभाळणारी यंत्रणा) ऑपरेटर, आणि आता स्वतःच्या पैशाने नायगारा या बीएमएस सॉफ्टवेअरचं सर्टिफिकेशन करावं का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत: आत्ता नको. तो कोर्स आठवड्याभराचा असतो. त्यात स्टेशन (सॉफ्टवेअरमधला त्या इमारतीचा प्रोजेक्ट) उभं करणं, पॉइंट (सेन्सर, वाल्व्हचे सिग्नल) जोडणं, ग्राफिक्स हे सगळं शिकवतात, पण एएचयू (हवा थंड करून खोल्यांत ढकलणारं मशीन) कसा चालतो ते तुम्हाला येतंय असं धरूनच.

माझ्या पहिल्या साइटवर एका एएचयूचं तापमान सतत वरखाली होत होतं. दोन दिवस मी पीआयडीचे, म्हणजे वाल्व्ह किती उघडायचा ते ठरवणाऱ्या कंट्रोलचे, आकडे बदलत बसलो. मग तिथल्या जुन्या एसी मेकॅनिकने थंड पाण्याच्या वाल्व्हला हात लावून दाखवला. ॲक्च्युएटर (वाल्व्ह फिरवणारी मोटर) फिरत होता, पण दोघांना जोडणारं कपलिंग सैल असल्यामुळे वाल्व्हचा दांडा, म्हणजे स्पिंडल, नीट वळतच नव्हता. स्क्रीनवर मात्र वाल्व्ह ७० टक्के उघडा! तेव्हापासून मी आधी प्लांट रूममध्ये जातो, मग लॅपटॉप उघडतो.

४-२० मिलिॲम्पिअरचे सिग्नल, पीटी-१००० तापमान सेन्सर हे तुम्हाला डिप्लोमात आलंच आहे. कमी पडेल ते एसीचं ज्ञान. चिलरमधून (एसीसाठी पाणी थंड करणाऱ्या मशीनमधून) पाणी साधारण ७ अंशांना निघून १२ ला परत यावं अशी रचना असेल आणि ते ९ लाच परत येत असेल, तर का? हे ज्याला सांगता येतं, तो साइटवर इंजिनीअर म्हणून ओळखला जातो. तुमच्याकडे चालू प्लांट आहे, जो कोर्सच्या वर्गात कुणाकडेच नसतो. एक एएचयू निवडा, त्याची सिक्वेन्स ऑफ ऑपरेशन (मशीनने कधी काय करायचं याचा लेखी क्रम) मिळवा आणि प्रत्येक ओळ प्रत्यक्ष मशीनशी ताडून बघा. पॅनेलची ड्रॉइंग वाचा.

मग बॅकनेट आणि मॉडबस, म्हणजे कंट्रोलर एकमेकांशी बोलतात त्या भाषा. त्यांच्यासाठी वापरतात त्या आरएस-४८५ ची वायर एका कंट्रोलरमधून दुसऱ्यात अशी साखळीनेच न्यायची, फाटे फोडायचे नाहीत, दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर. कम्युनिकेशनच्या कितीतरी तक्रारी इथेच संपतात. घरी सरावाला 'याबे' हे बॅकनेटचं मोफत सॉफ्टवेअर घ्या, त्यासोबत सरावासाठी संगणकावरची एक खोटी खोलीही (सिम्युलेटर) मिळते. इमारतीच्या नेटवर्कला मात्र परवानगीशिवाय लॅपटॉप अजिबात जोडू नका.

नायगारा शिकायचंच आहे, पण सिस्टिम इंटिग्रेटरकडे (बीएमएस बसवून देणाऱ्या कंपनीकडे) नोकरीला लागल्यावर. कमिशनिंगच्या (यंत्रणा तपासून चालू करून देणाऱ्या) माणसांना त्या कंपन्या बरेचदा स्वतःच्या खर्चाने या कोर्सला पाठवतात. तोवर एएमसीचा (वार्षिक देखभाल कराराचा) इंजिनीअर येईल त्या दिवशी तुमची शिफ्ट नसली तरी जा, आणि तो कुठे मल्टिमीटर लावतो ते वहीत लिहून ठेवा.