नौकानयन, सागरी वाहतूक की नौवहन?

प्रश्न असा आहे : एका देशाच्या 'नॅशनल शिपिंग पॉलिसी'वरच्या लेखाचं भाषांतर करताना 'राष्ट्रीय नौकानयन धोरण' असं लिहिलं. संपादकांनी ते 'सागरी वाहतूक धोरण' केलं. दोन्ही एकच ना?

एकच नाहीत, आणि माझ्या मते तुम्हाला हवा असलेला शब्द तिसराच आहे.

'नौकानयन'मधलं नयन म्हणजे डोळा नव्हे. 'नी' धातूवरून आलेलं ते नेणं आहे. नौका हाकण्याची क्रिया, ते कसब, एवढाच त्याचा आवाका. म्हणून तर क्रीडापानावर वल्ही मारण्याच्या शर्यतीलाही नौकानयन म्हणतात आणि दत्तू भोकनळ नौकानयनपटू असतो. तुमचं शीर्षक वाचून कुणाला हे क्रीडा खात्याचं धोरण वाटलं, तर त्याला दोष देता येणार नाही.

'सागरी वाहतूक' म्हणजे समुद्रावरून होणारी मालाची नि माणसांची ने-आण. जहाज कुणाचं, हा प्रश्न त्या शब्दात येतच नाही. समजा, एखाद्या देशाची बंदरं गजबजलेली आहेत, पण धक्क्याला लागलेलं प्रत्येक जहाज परदेशी मालकीचं, परदेशात नोंदलेलं. भाड्याचा पैसा बाहेर जातो. तिथे सागरी वाहतूक उदंड आहे. जे नाही, आणि जे उभं करायला असं धोरण लागतं, ते 'नौवहन' : जहाजांची मालकी, नोंदणी, खलाशी, विमा, कर्ज, कर यांसकट माल वाहून नेण्याचा अख्खा धंदा. उलट बाजूने स्वित्झर्लंड पाहा. समुद्रकिनारा नाही, तरी 1941 पासून त्या देशाच्या ध्वजाखाली समुद्रावर जहाजं चालली. जहाजाच्या मागच्या बाजूला नावाखाली बंदर लिहिलेलं असे बाझेल, म्हणजे ऱ्हाइन नदीकाठचं शहर!

'नौवहन' हिंदी सरकारी वाटतो म्हणून काहींना खटकतो. पण 'नौ' आणि 'वहन' दोन्ही आपलेच, नौदल नि मालवहन यांतले. मजकुरात 'जहाजवाहतूक' बिनधास्त वापरा, कानाला ते जास्त सोपं आहे. शीर्षकात मात्र 'राष्ट्रीय नौवहन धोरण'च हवं. बंदरं, जलमार्ग यांचा भाग आला की संपादकांचा शब्द बरोबर.

अशा लेखात 'टनेज टॅक्स' बहुधा येतोच. त्याला 'टनभार कर' म्हणू नका, कारण त्यात भार नाहीच. 'टनेज' हा शब्द दारूच्या पिंपाच्या नावावरून आला. पिंपं किती मावतात, त्यावरून जहाज मोजत. आजही 'ग्रॉस टनेज' हे जहाजातल्या बंदिस्त जागेचं माप आहे. त्याची रीत 1969च्या आंतरराष्ट्रीय करारात ठरली. जहाज किती वजन वाहू शकतं ते दाखवणारं माप वेगळं, 'डेडवेट'. टनेज टॅक्स कंपनीच्या प्रत्यक्ष नफ्यावर नाही, जहाजाच्या टनेजवर बसतो, त्यामुळे 'भार' लिहिलं की वाचक मालाच्या वजनाकडे वळतो आणि पुढचं गणित त्याला लागत नाही. 'टनेज कर' असंच ठेवा.