सोयाबीन आणि छातीतली धडधड

प्रश्न : वय 52. पाळी थांबल्यापासून गव्हाबरोबर सोयाबीन दळून आणते. मैत्रीण आयसोफ्लेवोनच्या गोळ्याही सुचवते. अधूनमधून छातीत धडधडते, ते सोयाबीनमुळे का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : सोयाबीनमधील जेनिस्टीन व डेडझीन ही आयसोफ्लेवोन गटातील द्रव्ये रचनेने इस्ट्रोजेन या स्त्रीसंप्रेरकाशी मिळतीजुळती असून त्याच्यासारखेच, पण क्षीण, काम करतात. काही प्रयोगांत जेनिस्टीन हृदयपेशींतील पोटॅशियमच्या वाहिन्या अडवते असे दिसले असून, तसे झाल्यास ठोक्यानंतर पेशी पूर्वस्थितीत यायला उशीर होतो आणि ईसीजीवरील क्यूटी अंतर (हृदयाचे खालचे कप्पे ठोका देऊन पूर्वस्थितीत यायला लागणारा वेळ) लांबू शकते; ते फार लांबले तर ठोके अनियमित होऊ शकतात. मात्र त्या प्रयोगांतील मात्रा जेवणातून रक्तात उतरणाऱ्या मात्रेपेक्षा बरीच मोठी असते. त्यामुळे पाच किलो गव्हात पाव किलो सोयाबीन घातल्याने धसका घेण्याचे कारण नाही. फार तर पोळ्या जरा कोरड्या होतील.

गोळ्यांचे तसे नाही, कारण त्यांत हीच द्रव्ये एकवटलेली असतात. स्त्रियांचे क्यूटी अंतर मुळातच पुरुषांपेक्षा थोडे लांब असते; त्यातच सोटॅलॉल (अनियमित ठोक्यांवरचे औषध) किंवा क्लॅरिथ्रोमायसिन (प्रतिजैविक) यांसारखे ते वाढवणारे औषध चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या घेऊ नयेत.

पाळी थांबताना अशी धडधड पुष्कळ जणींना होते, पण रक्तक्षय आणि थायरॉईडचा बिघाडही तसाच जाणवतो. म्हणून हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) आणि ईसीजी करून घ्यावेत. धडधडीसोबत भोवळ आली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.