एकट्याने डोलकाठी उभी करताना

प्रश्न : मी मिशिगन राज्यात राहतो. गेल्या वर्षी कॅटालिना २२ जातीची जुनी शिडाची होडी घेतली. ती ट्रेलरवर घरीच असते, त्यामुळे तळ्यावर गेलो की दर वेळी डोलकाठी उभी करावी लागते. आजवर दोन मित्र मदतीला येत असत. यापुढे ते जमणार नाही. एकट्याने करून पाहिले तेव्हा डोलकाठी अर्ध्यावर आली आणि डावीकडे कलंडू लागली. कशीबशी खाली घेतली. माझी ताकद कमी पडते की पद्धत चुकते? बूमचाच, म्हणजे शिडाखालच्या आडव्या काठीचाच, टेकू केला तर चालेल का?

उत्तर : पद्धत चुकते, आणि आपल्याला इजा झाली नाही याचे समाधान वाटते. खांद्यावर पेलून काठी वर ढकलत नेणे हे एकट्याचे काम नव्हे, मग अंगात कितीही जोर असो.

आपल्या होडीची डोलकाठी सुमारे २५ फूट, म्हणजे साडेसात मीटर लांब असते. तिला ताणून धरणाऱ्या तारांसकट तिचे वजन २० किलो धरू. ती मागच्या टेकूच्या घोडीवर आडवी असताना शेंड्याला दोर बांधून नाळेकडून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडून, ओढू लागलो, तर दोर काठीला जवळजवळ समांतर राहतो आणि काठी ज्यावर फिरते त्या बुडाच्या खिळ्यापासून जेमतेम फूटभर अंतरावरून जातो, त्यामुळे २० किलोंची काठी हलवायला दोनशे किलोंहून अधिक ओढ लागते. त्याऐवजी बुडाशी, डोलकाठीला काटकोनात राहील असा २ मीटरचा ॲल्युमिनियमचा भक्कम नळ बसवा. तिकडे त्याला जिन पोल म्हणतात. पुढचे शीड चढवण्याचा दोर या नळाच्या टोकाला घट्ट बांधा आणि टोकापासून नाळेपर्यंत कप्प्यांची चौपदरी (दोर चार वेळा ये-जा करणारी) जोडी लावा. आता ओढ चाळीस-पंचेचाळीस किलोंवर येते, आणि कप्प्यांमुळे हाताला, घर्षण धरूनही, पंधरा किलोंच्या आसपासच जाणवते. कप्पीला दोर पकडून ठेवणारी दातेरी खाच असलीच पाहिजे, म्हणजे मध्येच थांबून दोन्ही हात मोकळे करता येतात.

मात्र नळ लावला तरी कलंडणे थांबत नाही, आणि खरा धोका तिथेच आहे. बाजूच्या तारा डेकला जोडलेल्या असतात, तर काठीचा खिळा केबिनच्या छपरावर, त्याहून बराच वर असतो. खिळा जितका वर, साधारण तितक्याच त्या तारा काठी आडवी असताना सैल पडतात, आणि काठी उभी होत आली की मगच ताणल्या जातात. मधल्या सगळ्या प्रवासात काठीला बाजूने कोणाचाच आधार नसतो. आपल्याला आलेला अनुभव हाच. दाराच्या बिजागऱ्या एका रेषेत नसल्या तर दार फिरताना अडते किंवा लोंबते, तसेच हे आहे. म्हणून काठीवर सुमारे दोन मीटर उंचीपासून दोन्ही बाजूंना एकेक तात्पुरता दोर घ्या आणि तो एका कडीत अडकवा. प्रत्येक कडी पुढून, मागून आणि खालून दोरांनी अशी ताणून धरा की दोन्ही कड्या आणि बुडाचा खिळा एकाच आडव्या सरळ रेषेत येतील. मग काठी कुठल्याही कोनात असली तरी हे दोर सारखेच ताठ राहतात. नळालाही याच कड्यांतून बाजूचा आधार द्या. ही जुळवाजुळव पहिल्या दिवशी तासभर खाते. दोरांवर खुणा करून ठेवल्या की पुढे दहा मिनिटांत होते.

बूमचा टेकू करणारे लोक आहेत, पण मी सुचवणार नाही. बूमचा सांधा खिळ्यापासून बराच वर असतो आणि बाजूने पडणारा पीळ सोसण्यासाठी तो केलेलाच नसतो.

ओढण्यापूर्वी होडीभोवती एक फेरी मारून प्रत्येक तार हाताने चाचपा. माझ्या स्वतःच्या होडीवर एकदा बाजूच्या तारेचा टर्नबकल (तार ताणण्याचा आट्यांचा जोड) डेकवर आडवा न पडता उभाच अडकून राहिला. दोर जरा जड लागला, तरीही मी ओढत राहिलो. बारीकसा आवाज आला आणि आटे असलेला दांडा बोटाच्या पेरासारखा वाकला. तेव्हापासून मी टर्नबकल रबरी दोरीने सरळ धरून ठेवतो आणि दोर जड लागला की आधी थांबून पाहतो.

जागा निवडताना प्रथम मान वर करा. विजेच्या तारांच्या आसपास हे काम करूच नका, आणि काठी उभी झाल्यावर होडी ट्रेलरवरून धक्क्याकडे नेण्याची वाटही आधीच पाहून ठेवा. ॲल्युमिनियमची काठी तारेला लागली तर जीव जातो. होडी पाण्यात ढकलण्यापूर्वी, सपाट जमिनीवर आणि वारा पडलेला असताना काठी उभी करावी, कारण पाण्यात शेजारून गेलेल्या मोटरबोटीची एक लाटही काठीला हिसका द्यायला पुरते.

काठी सरळ झाली की कप्प्यांचा दोर खुंट्याला दोन वेढे देऊन बांधा, नाळेची तार तिच्या पिनेने पक्की करा, पिनेला कडी घाला आणि मगच कप्प्या सोडा. उतरवताना हाच क्रम उलटा, पण एक गोष्ट ध्यानात असू द्या : सुरुवातीला काठीला मागे हलकेच ढकलावे लागते, आणि पुढे ती जितकी खाली येते तितका दोरावरचा भार वाढत जाऊन घोडीला टेकण्याच्या क्षणी सर्वांत जास्त होतो. म्हणून दोर नुसत्या मुठीत धरू नका, खुंट्याभोवतीच्या वेढ्यातून थोडा थोडा सोडत राहा.