गवत कुठे राखायचं? कोळी मोजून ठरवा

प्रश्न : आमच्या कॉलनीतल्या खुल्या जागेचं सुशोभीकरण होणार आहे. थोडा भाग आहे तसाच राखावा, असं आम्हाला वाटतं. कोणता राखायचा, हे कीटक-कोळी पाहून ठरवता येईल का? – एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : येईल. पण फुलपाखरांपेक्षा कोळ्यांपासून सुरुवात करा. फुलपाखरू कुठूनही उडत येतं, घाणेरीच्या फुलातला मध पितं आणि जातं. त्याच्या अळीचं झाड तिथे असेलच असं नाही. कोळ्याला मात्र जाळ्यासाठी उभ्या काड्या आणि लपायला पालापाचोळा लागतो. गवत मुळापासून छाटलं की जाळी विणणारे कोळी जातात, पाला जाळला की जमिनीवर पळणारे. काय बिघडलं, तेही त्यामुळे कळतं.

कापलेलं गवत, वाढलेलं गवत आणि झाडाखालची जागा, प्रत्येक ठिकाणी 5 बाय 5 मीटरचे तीन चौकोन दोरीने आखा. सकाळी दव असताना जाळी मोजा, गुडघ्याखालची आणि वरची वेगळी. झुडपांखाली पांढरी छत्री उलटी धरून फांदीवर काठीचे 10 टोले द्या. पडलेल्यांचे फोटो काढून सोडून द्या. नाव माहीत नसेल तर ‘कोळी 1’, ‘कोळी 2’ लिहा, पण समोरून डोळ्यांचा फोटो हवाच. कूळ ओळखायला डोळ्यांची मांडणी लागते. पिल्लं वेगळी मोजा, त्यांची जात बहुधा ठरत नाही.

अंधार पडल्यावर, दव पडायच्या आत, बॅटरी कपाळाशी धरून जमीन पाहा. लांडगा कोळ्यांचे डोळे हिरवट चमकतात. बॅटरी कमरेजवळ धरली तर चमक तुमच्या डोळ्यांपर्यंत पोचत नाही आणि वहीत उगाच शून्य पडतं.

ग्लास पुरून सापळे लावणं संशोधकांसाठी ठीक, कॉलनीत नको. पावसात ते भरतात, बेडूक पडतात आणि कोरड्या ग्लासात एक कोळी दुसऱ्याला खातो.

सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हा काळ चांगला. रात्री पाऊस झाला असेल तर मोजणी पुढे ढकला. डासांसाठी धुराची फवारणी झाली असेल तर तारीख टिपून ठेवा, नाहीतर दोष गवतकापणीवर जाईल.

निव्वळ आकड्यावर निर्णय घेऊ नका. एकाच प्रकारचे चाळीस कोळी असतील त्यापेक्षा इतर चौकोनांत न सापडलेले चार प्रकार असलेला तुकडा राखा. तोही दरवर्षी अर्धाच कापा, बी गळल्यावर, 15 सेंटिमीटर उंची ठेवून. सापांच्या भीतीने विरोध होणारच (घोणस असलेल्या भागात तो चुकीचाही नाही), म्हणून वाटेच्या आणि भिंतीच्या कडेला मीटरभर पट्टा कायम छाटलेला ठेवा.

प्रश्न : नाल्यावर चतुर भरपूर दिसतात. म्हणजे पाणी बरं आहे ना? – एक वाचक, मिरज

उत्तर : नाही. नारिंगी पंखांचे नर असलेली एक जात सांडपाण्यातही मजेत वाढते, आणि नाल्यावर बहुतेक तीच असते. टाचण्यांचे (चतुरांचे बारीक, नाजूक भाऊबंद) किती प्रकार आहेत ते पाहा, आणि काठच्या काड्यांवर चिकटलेल्या रिकाम्या काती शोधा. उडणारा चतुर पाहुणा असू शकतो. कात असेल तर तो त्याच पाण्यात वाढला. काठ सिमेंटचा असेल तर मात्र कात न सापडण्याचा दोष लगेच पाण्याला देऊ नका. पाण्याबाहेर चढायला काड्याच नसतील.